उन्हाळ्याच्या मुक्कामांची नोंद

(कुटुंबासाठी व मंडळीसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : गणना 33:1-15 व 36-39, लूक 2:41-52, मार्क 6:30-34, प्रेषितांची कृत्ये 14:21-28



जून महिना लागला की आमच्या नवनगरात दोन गोष्टी बरोबरच येतात. उणकलच्या तळ्यावरून पावसाची पहिली झड येते आणि हुबळी-धारवाड रस्त्यावरच्या बसगाड्या शाळेच्या मुलांनी भरून जातात. पेट्या माळ्यावर जातात, लोणच्याच्या बरण्यांची तोंडे बांधली जातात, लग्नातील आहेर कपाटात पडतो. उन्हाळा संपला असे आपण म्हणतो आणि कामाला लागतो.

कर्नाटकात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा उन्हाळा फार धावपळीचा असतो. आमच्याकडे शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटी लागते व मे महिना संपता संपता शाळा उघडतात. महाराष्ट्रात मुले मे महिन्यात मोकळी होतात ती जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे मामाची मुले आणि आत्याची मुले एकत्र येण्यास काय तो मे महिना मिळतो. त्याच महिन्यात मिरजेस लग्न, कोल्हापुरास साखरपुडा, अहिल्यानगरास (ज्याला आपण आजवर अहमदनगर म्हणत आलो) कोणाच्या घराचे समर्पण, बेळगावास कोणी आजारी. मंडळीतही हाच काळ सुटीतील बायबल शाळेचा, तरुणांच्या शिबिराचा आणि पाळकांच्या बदल्यांचा. इतके सर्व सहा-सात आठवड्यांत आटोपून आपण घरी परततो, तेव्हा अंग थकलेले असते आणि हातात शेकडो छायाचित्रांनी भरलेला मोबाइल असतो.

प्रश्न असा आहे की, या धावपळीतून आपल्या आत्म्यास काय मिळाले? आपण कोठे कोठे गेलो हे आपणांस सांगता येईल. परंतु देवाने आपणांस कोठून कोठे आणले, हे सांगता येईल काय? या पाठात आपण शास्त्राच्या साहाय्याने मागे वळून पाहण्यास शिकणार आहोत.

1. देवाने लिहावयास सांगितलेली यादी

गणना या पुस्तकाचा तेहतिसावा अध्याय आपण सहसा कुटुंबोपासनेत वाचत नाही. वाचला तरी घाईने वाचतो, कारण त्यात नावांवाचून दुसरे काही नाही असे वाटते. इस्राएल लोक अमुक ठिकाणाहून निघाले आणि तमुक ठिकाणी त्यांनी तळ दिला, मग तेथून निघाले आणि पुढच्या ठिकाणी तळ दिला, असे एकामागून एक चालले आहे. मिसरातील रामसेसपासून यार्देनेजवळील मवाबाच्या मैदानापर्यंत चाळीसहून अधिक ठिकाणे त्यात आली आहेत.

परंतु दुसरे वचन लक्षपूर्वक पाहा. मोशेने ही यादी आपल्या हौसेने केलेली नाही. परमेश्वराच्या आज्ञेवरून त्याने ती लिहिली. सर्व सृष्टीचा कर्ता, ज्याला कोणत्याच गोष्टीची विस्मृती होत नाही, तो आपल्या सेवकाला मुक्कामांची नावे लिहून ठेवावयास सांगतो. का बरे? देवास आठवण राहावी म्हणून नव्हे, तर लोकांना आठवण राहावी म्हणून. यार्देनेपलीकडे घरे बांधून स्थिरस्थावर झाल्यावर माणसे वाट विसरतात, आणि वाट विसरली की वाटाड्याही विसरतात.

आता यादीत काय काय आहे ते पाहू. एलीम आहे. तेथे पाण्याचे बारा झरे व खजुरीची सत्तर झाडे होती, असे मोशे मुद्दाम नोंदतो. आनंदाचा मुक्काम मोजून लिहिला आहे. परंतु त्याच्याच आधी मारा आहे, जेथील पाणी कडू निघाले होते. थोडे पुढे रफीदीम आहे, जेथे लोकांस प्यावयास पाणी नव्हते. तेही लिहिले आहे. आणखी पुढे किब्रोथ-हत्तव्वा आहे. मांसाच्या हव्यासापायी जे मेले त्यांस पुरल्यामुळे त्या जागेस ते नाव पडले. लाजेची जागा वगळलेली नाही. आणि अडतिसाव्या वचनात यादी एकाएकी थांबते. होर डोंगरावर, मिसर सोडल्यापासून चाळिसाव्या वर्षी, पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी अहरोन मरण पावला. त्याचे वय एकशे तेवीस वर्षांचे होते. सबंध यादीत निघण्याच्या तारखेखेरीज एवढीच एक तारीख दिलेली आहे. मोशेचा सख्खा भाऊ तेथे गेला होता.

म्हणजे देवाच्या दृष्टीने प्रवासाची खरी नोंद कशी असते? तिच्यात झरा असतो, तहान असते, भांडण असते, आणि कबरही असते. आमच्या मोबाइलमधील नोंद अशी नसते. तिच्यात केवळ एलीम असते. हसणारे चेहरे, नवी लुगडी आणि पंगती. मारा आणि रफीदीम यांचे छायाचित्र कोणी काढत नाही. म्हणून छायाचित्रे पाहणे आणि मागे वळून पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण पहिल्या प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

2. वाटेच्या स्तोत्रांत घर

स्तोत्रसंहितेत 120 पासून 134 पर्यंत पंधरा स्तोत्रांचा एक गट आहे. यरुशलेमास सणाकरिता वर चढून जाणारे यात्रेकरू ही गात असत, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. या स्तोत्रांची सुरुवात परक्या लोकांत राहण्याच्या दुःखाने होते व शेवट मंदिरातील रात्रीच्या सेवकांनी देवाचा धन्यवाद करण्याने होतो. दुसरे स्तोत्र, म्हणजे 121 वे, आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असते. प्रवासास निघताना घरातील वडील मनुष्य ते म्हणते आणि मग पेट्या उचलतात.

परंतु या गटाच्या मध्यभागी काय आहे ते आपण पाहिले आहे काय? 127 व 128 ही दोन स्तोत्रे तेथे आहेत, आणि ती वाटेविषयी नाहीत, तर घराविषयी आहेत. घर बांधणारा कोण, मुले कोणाचे देणे, जेवणाच्या पंगतीला बसलेले कुटुंब कसे दिसते, याविषयी ती आहेत. यात्रेकरू मंदिराकडे चालला आहे आणि गात आहे आपल्या स्वयंपाकघराविषयी! यावरून कळते की, श्रद्धा, कुटुंब आणि प्रवास या तीन गोष्टी शास्त्राने वेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या नाहीत. आपणच तसे करतो. लग्न हे नातेवाइकांकरिता, सहल ही मुलांकरिता आणि शिबिर हे देवाकरिता, अशी आपण वाटणी करतो. मग देवाच्या वाट्यास शिबिराचे चार दिवस येतात आणि उरलेला उन्हाळा त्याच्यावाचून जातो.

3. समजुतीवर चाललेला एक दिवस

लूकच्या दुसऱ्या अध्यायात एका कुटुंबाच्या प्रवासाची गोष्ट आहे. नासरेथ ते यरुशलेम हे अंतर सरळ मोजले तरी शंभर किलोमीटरच्या आसपास भरते, आणि चालण्याची वाट त्याहून लांब. हुबळीहून पायी निघून बेळगाव गाठावे आणि थोडे पुढे जावे, असे समजा. योसेफ आणि मरीया दरवर्षी वल्हांडण सणासाठी ही वाट चालत. येशू बारा वर्षांचा झाला त्या वर्षीही ते गेले. सण पाळला, दिवस पुरे केले आणि परत निघाले.

या कुटुंबात काही वावगे नव्हते. ते देवभीरू होते. यात्रेहूनच परतत होते. सोबतीला नातेवाईक व ओळखीचे लोक होते. येशू सोबतीच्या लोकांत असेल अशा समजुतीने ते एक दिवसाची वाट चालले. संध्याकाळी त्यांनी शोध केला, तेव्हा तो त्यांच्यात नव्हता.

बंधुभगिनींनो, ही समजूत आपल्या उन्हाळ्यात फार चालते. आपण ख्रिस्ती माणसे, ख्रिस्ती लग्नाला चाललो आहोत, सोबत पाळकसाहेब आहेत, तेव्हा प्रभू सोबत असणारच! सकाळची प्रार्थना राहिली तर उद्या करू. रविवारी गाडीत होतो, उपासना झाली नाही, पुढच्या रविवारी जाऊ. एकेका दिवसाची वाट अशीच सरते. कोणी वाईट केलेले नसते, परंतु कोणी शोधही केलेला नसतो.

त्या आईबापांकडून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, संध्याकाळी त्यांनी मोजदाद केली. दुसरी, येशू नाही असे दिसताच ते पुढे गेले नाहीत, मागे वळले. एका दिवसात चाललेली वाट त्यांनी पुन्हा चालली, आणि तीन दिवसांनंतर तो त्यांना मंदिरात सापडला. तिसरी गोष्ट शेवटी येते. मुलाचे बोलणे त्यांना समजले नाही, तरी मरीयेने ते सर्व आपल्या अंतःकरणात जपून ठेवले. मागे वळून पाहण्यास सर्व काही समजलेच पाहिजे असे नाही. न समजलेलेही जपून ठेवावे लागते.

4. मोडलेला बेत

मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य आपल्या फेरीवरून परतले आहेत. त्यांनी येशूजवळ जमून, आपण काय काय केले व काय काय शिकवले ते सर्व त्याला सांगितले. येणारे-जाणारे इतके होते की त्यांना जेवावयासही सवड नव्हती. प्रभूने त्यांना एकांती येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले. ते तारवात बसून निघाले. परंतु लोकांनी ओळखले व ते पायी धावत आधीच तेथे पोहोचले! विसाव्याचा बेत मोडला. तेव्हा प्रभू रागावला नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते लोक पाहून त्याला कळवळा आला.

हा भाग या उन्हाळ्यात आमच्या घरी नव्याने उघडला, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो.

नवनगरात कर्करोगावर उपचार करणारे मोठे रुग्णालय आहे. धारवाड, हावेरी, गदग, बेळगाव या बाजूंनी माणसे तेथे येतात. किरणांचा शेक घ्यावयाचा तर आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे यावे लागते. म्हणून या भागातील पुष्कळ घरांत उन्हाळा असो की पावसाळा, कोणी ना कोणी पाहुणा उपचारासाठी राहिलेला असतो. आमच्या घरी यंदा आत्या आल्या. वय चौऱ्याहत्तर. निपाणीजवळच्या गावाहून आल्या त्या सहा आठवडे राहिल्या.

महाबळेश्वरास जाण्याचा मुलांचा बेत दोन वर्षांपासूनचा होता. तो रद्द झाला. मुलांनी रुसवा धरला. घरातील थोरली मुलगी सोळा वर्षांची, तिच्याकडे रोज आत्यांना रिक्षाने नेऊन आणण्याचे काम आले. पहिला आठवडा ती तोंड मिटून गेली आणि तोंड मिटून आली.

आत्यांजवळ एक जुनी सवय होती. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, सुवार्तिक होते. थंडीच्या दिवसांत ते गावोगाव फिरत आणि रोज रात्री कंदिलाशी बसून रोजनिशी लिहीत. कोणत्या गावी गेलो, कोण भेटले, काय बोलणे झाले. आत्यांनी ते लहानपणी पाहिलेले. म्हणून त्यांनी शाळकरी वही मागितली आणि रोज शेक घेऊन आल्यावर एक ओळ लिहिण्यास सुरुवात केली. हात थरथरू लागला तेव्हा त्या नातीस म्हणाल्या, “बाळ, मी सांगते, तू लिही.”

“आजी, मला मराठी लिहावयास नीट येत नाही,” मुलगी म्हणाली. तिचे शिक्षण इंग्रजीतून, दुसरी भाषा कन्नड.

“मग कन्नडात लिही. देवाला दोन्ही येतात.”

अशी ती वही झाली. तिच्यात तारीख आणि एक वाक्य. आज रांगेत शेजारच्या बाईने बसावयास जागा दिली. आज घसा फार दुखला, भात गेला नाही. आज बाहेर वळीव पडला, वास आला. आज एक लहान मुलगा पाहिला, त्याचे केस गेले आहेत, त्याच्यासाठी प्रार्थना. आज थोरला आला. आज धाकटा आला.

ही शेवटची दोन वाक्ये वेगवेगळ्या दिवसांची होती, आणि त्यात आत्यांचे सारे दुःख होते. त्यांचे दोन मुलगे जमिनीच्या वाटणीवरून आठ वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. थोरला रविवारी येई, धाकटा बुधवारी. एकाची गाडी फाटकाशी दिसली तर दुसरा पुढच्या चौकातून परत जाई. शेवटच्या शेकाच्या दिवशी आत्यांनी दोघांनाही एकच वेळ सांगितली. दोघे आले. फार बोलणे झाले नाही. आत्यांनी दोघांना एका चटईवर जेवावयास बसविले, स्वतः आशीर्वाद मागितला आणि मुलीस वही वाचून दाखविण्यास सांगितले. तिने कन्नडात लिहिलेले मराठीत सांगत सांगत तीस दिवसांची तीस वाक्ये वाचली. धाकट्याने मध्येच पाण्याचा तांब्या उचलून थोरल्याच्या भांड्यात पाणी ओतले. एवढेच झाले.

वाद मिटला असे म्हणता येणार नाही. जमिनीची फाइल अद्याप वकिलाकडे आहे. आत्यांच्या दुखण्याचे पुढे काय होईल, हे पुढच्या तपासणीनंतरच कळेल. परंतु आमच्या घरच्या यादीत या मुक्कामाचे नाव लिहिले गेले आहे. तो मारा होता की एलीम, हे आम्हांस अद्याप नीटसे सांगता येत नाही. बहुधा दोन्ही एकाच ठिकाणी होते. मुलगी मात्र महाबळेश्वराविषयी आता बोलत नाही. ती दर शनिवारी निपाणीस फोन करते व विचारते, “आजी, आज काय लिहायचे?”

5. आपल्या पूर्वजांच्या वाटा

मराठी मंडळीच्या इतिहासातही प्रवासाकडे मागे वळून पाहणारी मोठी माणसे आहेत.

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 साली आजच्या कर्नाटकातच, पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात झाला. त्या काही महिन्यांच्या असतानाच त्यांच्या आईवडिलांनी तीर्थयात्रेसाठी घर सोडले. लहानगी रमा वेताच्या पेटीतून वाहून नेली गेली. पुढे कित्येक वर्षे हे कुटुंब देशभर पायी फिरले. दुष्काळात आई, वडील व बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे चालत चालत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. नंतर भाऊ गेला आणि 1882 साली पतीही गेले. 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. अमेरिकेहून परतल्यावर 1889 साली त्यांनी त्या देशाचे प्रवासवृत्त मराठीत छापून प्रसिद्ध केले व त्याच वर्षी मुंबईस शारदा सदन उघडले.

1907 साली रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली, तेव्हा त्यांनी त्या जुन्या वाटेतील भूक, थंडी व मृत्यू झाकून ठेवले नाहीत. सर्व सांगितले आणि त्या सर्वांतून देवाने आपणांस कसे आणले हे दाखविले. केडगावच्या दुष्काळग्रस्त मुलींना त्यांनी जवळ केले, त्यामागे ती वाट होती. उपासमार म्हणजे काय हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. 1922 साली त्या प्रभूकडे गेल्या आणि त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर 1924 साली संपूर्ण प्रसिद्ध झाले. लहानपणी आईवडिलांबरोबर वाटेत शिकलेली भाषाविद्या अशी देवाच्या कामी आली.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. ते आगगाडीने राजनांदगावकडे जात असताना डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले व त्याने त्यांना नवा करार दिला. त्या एका भेटीने त्यांच्या विचारास नवे वळण लागले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. एक प्रवास, एक शेजारी, एक पुस्तक. त्या सहप्रवाशास गाडीतून उतरताना काय ठाऊक असेल की मराठी मंडळी पुढे शंभर वर्षे याच गृहस्थाची भजने गाणार आहे?

आमच्या हुबळीच्या स्थानकावर 1507 मीटर लांबीचा फलाट आहे. मार्च 2023 मध्ये त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून त्याची नोंद झाली. उन्हाळ्यात त्यावरून किती माणसे एकमेकांस न पाहता जातात! गेल्या दोन महिन्यांत गाडीत आपल्या शेजारी कोण बसले होते, हे आपणांस आठवते काय? त्यांच्याशी आपण काय बोललो?

6. मंडळीस एकत्र करून सांगणे

प्रेषितांची कृत्ये, चौदावा अध्याय. पौल व बर्णबा आपल्या पहिल्या मोठ्या फेरीहून अंत्युखियास परतले. लुस्त्र येथे पौलाला दगडमार झाली होती व मेला असे समजून त्याला नगराबाहेर ओढून टाकले होते. तरी परतताना ते त्याच लुस्त्रावरून, शिष्यांना धीर देत आले. घरी आल्यावर त्यांनी तीन गोष्टी केल्या. मंडळीस एकत्र जमविले. देवाने आपल्याबरोबर राहून काय काय केले ते सांगितले. आणि मग पुष्कळ दिवस शिष्यांबरोबर राहिले.

आपण काय केले याचा तो अहवाल नव्हता, तर देवाने काय केले याची ती साक्ष होती. आणि सांगून झाल्यावर ते लगेच पुढल्या गाडीस धावले नाहीत. परतणे हेही एक काम आहे, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

आता हे आपल्या घरी कसे करावे? पुढील सूचना कोणत्याही कुटुंबास अवघड नाहीत.

(अ) जून महिन्यातील एक संध्याकाळ ठरवावी. मोबाइल बाजूस ठेवावेत. एका कागदावर उन्हाळ्यातील मुक्कामांची नावे क्रमाने लिहावीत. मुलांनी सांगावे, वडील माणसांनी भर घालावी.

(आ) प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिहावे. तेथे पाणी गोड होते की कडू? जेथे भांडण झाले तेही लिहावे. जेथे कोणास माती दिली तेथे तारीख लिहावी.

(इ) जे घरी मराठी वाचीत नाहीत त्यांना त्यांच्या भाषेत लिहू द्यावे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले कन्नड मंडळीत उपासना करतात आणि आजीची प्रार्थना मराठीत ऐकतात. यार्देनेतून काढलेल्या बारा धोंड्यांविषयी यहोशवा चौथ्या अध्यायात काय सांगतो ते आठवा. मुले विचारतील तेव्हा वडिलांनी सांगावे, म्हणून ते धोंडे होते. मुलांस कळेल अशा भाषेत न सांगितल्यास धोंडा हा धोंडाच राहतो.

(ई) ज्यांच्या घरी जेवलो, ज्यांनी अंथरूण घातले, ज्यांनी स्थानकावर आणून सोडले, त्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी व त्यांस चार ओळींचे पत्र लिहावे. पत्र जमत नसल्यास फोन करावा, परंतु काम नसताना करावा.

(उ) जेथे जावयास हवे होते आणि जाणे झाले नाही, अशा एका घराचे नाव कागदाच्या तळाशी लिहावे. तो पुढचा मुक्काम.

चर्चेसाठी प्रश्न

1. गणना 33 मधील यादीत दुःखाची ठिकाणे वगळलेली नाहीत. आपल्या कुटुंबाच्या आठवणींतून आपण कोणती ठिकाणे वगळतो? का?

2. योसेफ व मरीया समजुतीवर एक दिवस चालले. या उन्हाळ्यात आपण कोणत्या गोष्टी समजुतीवर सोडल्या?

3. आपला बेत मोडला तेव्हा आपणांस राग आला की कळवळा? मार्क 6:34 पुन्हा वाचून उत्तर द्या.

4. आपल्या मंडळीच्या परिसरात उपचारासाठी येऊन राहिलेले परगावचे लोक आहेत काय? त्यांच्यासाठी महिला मंडळ व तरुण संघ यांनी काय करावे?

5. आपल्या घरात कोणते भाऊ किंवा कोणत्या बहिणी एकाच दिवशी येत नाहीत? त्यांच्यासाठी चटई कोण घालील?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमचे जाणे व येणे तू पाहिले आहेस. ज्या घरांनी आम्हांस थारा दिला त्यांवर तुझी कृपा असो. जे आमच्याबरोबर निघाले आणि परत आले नाहीत, ते तुझ्या हाती आहेत. आजाऱ्यांच्या खाटेजवळ तू बस. दुरावलेल्या भावांना एका पंगतीस आण. न समजलेल्या गोष्टी मरीयेप्रमाणे जपून ठेवावयास आम्हांस शिकव. आणि पुढची वाट दाखव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.